हाताने घडवलेल्या कड्या, मुठी आणि बिजागऱ्या: घडाई आणि सुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकडा, खुंटी, दाराची मूठ, कडी-कोयंडा, लांब पट्टीची बिजागरी, फुलाच्या डोक्याचा खिळा. एका माणसाला छोट्या भट्टीवर घडवता येतील अशा या वस्तू. नवशिके त्यांबद्दल जे प्रश्न हमखास विचारतात त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. लोखंड या क्षणी किती तापलेलं आहे हा मुद्दा त्यात पुन्हा पुन्हा येईल, कारण वस्तू बिघडते तीही बहुतेक वेळा तिथेच आणि हात भाजतो तोही तिथेच.

सुरुवातीला कोणती हत्यारं हवीत?

भट्टी, ऐरण, हातोडा, सांडशी, व्हाइस (वस्तू आवळून धरणारा शिकंजा), तारेचा ब्रश, छिन्नी, पंच आणि पाण्याची बादली. एवढ्यावर पहिले कित्येक महिने निघतात.

हातोडा ८०० ग्रॅम ते १ किलोचा घ्या. जड हातोड्याने काम लवकर होतं असं वाटतं, पण दहा मिनिटांत मनगट दमतं, घाव तिरके पडू लागतात आणि ते सरळ करण्यातच वेळ जातो. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा आधी घासून गोलसर करा. धारदार कडेचा वण गरम लोखंडात खोल उमटतो आणि कानशीनेही सहज जात नाही.

ऐरण ४०–५० किलोची असली तरी पुरते. ती नसेल तर जाड पोलादी ठोकळा जाड ओंडक्यावर घट्ट बसवा. वजनापेक्षा घट्ट बसवणं महत्त्वाचं, कारण हलणारी ऐरण घावाचा जोर खाते. उंचीसाठी ऐरणीशेजारी सरळ उभं राहून हात खाली सोडा आणि मूठ वळा. बोटांची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा हवा. उंची चुकली की लोखंडच सांगतं: चंद्रकोरीसारखे वण हातोड्याच्या तुमच्याकडच्या कडेचे असतील तर ऐरण उंच आहे, लांबच्या कडेचे असतील तर ठेंगणी आहे.

पैसे वाचवायचेच असतील तर ऐरणीत वाचवा, सांडशीत नको.

सांडशीला एवढं महत्त्व का?

सुटलेली गरम सळई नेमकी कुठे उडेल ते कुणालाच सांगता येत नाही. सांडशीचे जबडे सळईच्या जाडीला समांतर बसले पाहिजेत. ते नुसते टोकाशी किंवा नुसते मुळाशी टेकत असतील तर सळई पहिल्याच तिरक्या घावाला फिरते. थंड सळई धरून हाताला जोरात झटका द्या. ती जराही डुलली तर ती सांडशी त्या मापाची नाही. जबडे लालभडक तापवा, त्यांत त्याच मापाचा तुकडा धरा आणि बाहेरून ठोकून बसवा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे सांडशी वापरायचीच नाही. ६०० ते ७०० मिमी लांब सळई घ्या, तिच्या टोकावर आकडा घडवा आणि शेवटी कापून वेगळा करा. दुसरं टोक हातात धरण्याइतकं थंड राहतं. तरीही दर तापाला ते तपासत राहा, उष्णता हळूहळू मागे येतच असते.

कोणतं लोखंड घ्यावं?

साधं माइल्ड स्टील, म्हणजे दुकानात एमएस म्हणून मिळतं ते. त्यात कार्बन कमी असतो, त्यामुळे ते मऊ राहतं, चूक खपवून घेतं आणि पाण्यात बुडवलं तरी सहसा तडकत नाही. आकड्यांसाठी १० मिमी चौकोनी सळई, मुठींसाठी १२ किंवा १४ मिमी, बिजागरीसाठी ४० × ५ मिमी पट्टी हा चांगला साठा. १२ मिमी चौकोनी सळईचं वजन मीटरला साधारण १.१३ किलो भरतं.

ओतीव लोखंड, म्हणजे बीड, घडवता येत नाही. तापवून ठोकलं की त्याचे तुकडे होतात. बांधकामाच्या गजात पोलादाचा भरवसा नसतो, एकाच गजात मऊ आणि कडक असे दोन्ही भाग निघू शकतात. जुन्या स्प्रिंगमध्ये डोळ्यांना न दिसणारे तडे असतात. भंगारातून वस्तू उचलायची असेल तर तिच्यावर कसलाही मुलामा किंवा रंग नाही ना, हे आधी पाहा. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

रंगावरून ताप कसा ओळखायचा?

भट्टीपाशी उजेड कमी ठेवा. उन्हात लाल रंग दिसतच नाही, माणूस लोखंड थंड समजून आणखी तापवतो आणि जाळून टाकतो.

मंद लाल म्हणजे सुमारे ७०० अंश सेल्सिअस. इथे फार तर हलकं सरळ करणं किंवा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करणं. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं, डोळ्याला सराव देण्यासाठी ही खूण उपयोगी आहे. खरी घडाई नारिंगी ते पिवळ्या रंगात, म्हणजे साधारण १००० ते १२०० अंशांत होते. पिवळं लोखंड मऊ चालतं, चेरी लाल झालं की घाव अडखळल्यासारखा परत येतो. तिथे थांबा आणि सळई पुन्हा भट्टीत घाला. पांढरट होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर तेवढा भाग जळला. तो पुन्हा घडवून दुरुस्त होत नाही, कापूनच टाकावा लागतो.

आणखी एक फसवा टप्पा आहे. २०० ते ३५० अंशांत, म्हणजे पृष्ठभागावर पिवळसर ते निळी झाक येते त्या तापात, साधं पोलाद ठिसूळ होतं. रंग दिसत नाही म्हणून थंड झालं असं समजून वाकवायला जावं तर बाकावर तडा जातो. वाकवायचं तर लाल करून, नाहीतर पूर्ण थंड झाल्यावर.

कोळशाची भट्टी चांगली की गॅसची?

कोळशाच्या भट्टीत सळईचा नेमका हवा तेवढाच भाग तापवता येतो आणि मोठा, वाकडातिकडा तुकडाही मावतो. पण आगीवर सतत लक्ष ठेवावं लागतं. कोळशातला मळ वितळून तळाशी काचेसारखी ढेप होते, तिला क्लिंकर म्हणतात. ती हवेची वाट अडवते, आग वरून जोरात दिसते पण लोखंड तापत नाही. तासा-दीड तासाने ती सळीने उचलून काढा. भाता किंवा ब्लोअर बंद असताना कोळशाचा वायू हवेच्या नळीत साठतो आणि पुन्हा हवा सुरू करताच फट्कन पेटतो. म्हणून विश्रांतीतही हवा अगदी मंद चालू ठेवा किंवा खालचं राखेचं झाकण उघडं ठेवा.

गॅसभट्टीत ताप एकसारखा मिळतो आणि सळई जळण्याची भीती कमी. पण लांब भाग सगळाच तापतो आणि मोठी वेलबुट्टी तिच्या तोंडात जात नाही. आकडे, मुठी, खिळे असं छोटं काम करणाऱ्यांनी गॅसपासून सुरुवात केलेली बरी, असं आमचं मत आहे.

सळई किती लांब कापावी?

लोखंड कमी होत नाही, फक्त आकार बदलतं. म्हणून घनफळाचा हिशेब करा. चौकोनी सळईचं टोक पूर्ण अणकुचीदार केलं तर लांबी तिप्पट होते: ३० मिमी सळईतून ९० मिमी टोक. पण प्रत्यक्षात टोक थोडं बोथट ठेवतात, त्यामुळे ७५ ते ८० मिमी धरा. चपटं करायचं असेल तर १० मिमी चौकोनी सळईचे ३५ मिमी ठोकून २२ मिमी रुंद आणि ४ मिमी जाड केले की सुमारे ४० मिमी लांबीचं पान होतं.

कडीसाठी आतला व्यास आणि सळईची जाडी यांची बेरीज करून ३.१४ ने गुणा. आतून ६० मिमी व्यासाची कडी १२ मिमी सळईतून हवी असेल तर ७२ × ३.१४, म्हणजे २२६ मिमी. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधली तेवढीच राहते, म्हणून मधल्या रेषेचं माप घ्यायचं. नुसता आतला व्यास धरणारे नेहमी ३५–४० मिमी कमी कापतात.

दर तापाला थोडं लोखंड खपली होऊन झडतं. चार-पाच तापांचं काम असेल तर ३ ते ५ टक्के जास्त घ्या.

भिंतीचा आकडा कसा घडवायचा?

१० मिमी चौकोनी सळईचं मोकळं टोक पिवळं करा. ऐरणीच्या लांबच्या कडेवर टोकाला आधी १० मिमीचा आखूड, बोथट अणी द्या, मग हळूहळू मागे येत निमुळता भाग लांबवा. प्रत्येक दोन-तीन घावांनी सळई पाव फेरा फिरवा, म्हणजे चौकोन चौकोनच राहील. गोल हवा असेल तर आधी चौकोनी निमुळता करा, मग चारही कोपरे ठोकून अष्टकोनी, मग गोल. थेट गोल ठोकायला गेलं की आतून पोकळी आणि चीर तयार होते.

टोकाचे शेवटचे १० मिमी ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या निमुळत्या गोल टोकावर, मागे वळवून छोटी गाठ करा. हे शोभेसाठी नाही, कपडा फाटू नये म्हणून.

मग पीळ, मग बाक, हा क्रम पाळा. बाक आधी दिला तर पिळायचा पाना सळईवर चढतच नाही. मधले ५० मिमी एकसारखे तापवा, एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसऱ्याला पाना लावून पूर्ण एक फेरा द्या. पूर्ण फेरा म्हणण्याला कारण आहे: पाव फेरा दिला तर मागचं, भिंतीला टेकणारं पान आणि पुढचा बाक यांची दिशा चुकते आणि आकडा भिंतीला समांतर येतो.

आता शिंगावर २५ मिमी आतल्या व्यासाचा बाक द्या. टोक आधी वळवा, मुळाकडचा भाग नंतर. सळईचा शिंगाबाहेर सुटलेला भाग ठोकायचा, शिंगावर टेकलेला नाही. टेकलेला ठोकला तर सळई वाकत नाही, फक्त चेपते. शेवटी सळईतून ३५ मिमी जास्त ठेवून कापा, ते टोक चपटं करा, ५ मिमीची दोन भोकं पाडा आणि सगळ्या धारा कानशीने मोडा.

टोक माशाच्या तोंडासारखं का फाटतं?

लोखंड पुरेसं तापलेलं नसताना हलक्या घावांनी टोक काढलं की फक्त बाहेरचा थर पुढे सरकतो आणि गाभा मागे राहतो. त्यातून टोकाला खळगा पडतो, पुढच्या घावांनी तो मिटतो आणि आत चीर राहते. उपाय आहे तो आखूड अणी आधी आणि पिवळ्या तापात जोरकस घाव. चीर दिसलीच तर तेवढा भाग कापून टाका. ठोकून बुजवलेली चीर वापरात उघडते.

पीळ एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल का येतो?

कारण ताप सारखा नव्हता. जिथे जास्त गरम तिथे लोखंड आधी पिळलं जातं. पिळण्यापूर्वी सगळा भाग एकच रंग दाखवतोय ना ते पाहा, नसेल तर थांबा. पिळताना एखादी जागा पुढे धावतेय असं दिसलं तर चमच्याने तिथे थोडं पाणी सोडा. पिळाची हद्द दाखवायला सेंटर पंचाने खूण करा, खडूची रेघ तापात जाते. पिळलेली सळई वाकडी झाली तर लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्याने सरळ करा. पोलादी हातोड्याने पिळाच्या धारा चेपतात आणि सगळी शोभा जाते.

पान घडवताना कडा का जळतात?

पातळ भाग जाड भागाच्या कितीतरी आधी तापतो. १२ मिमी सळईला आखूड अणी द्या, तिच्या मागे १५–२० मिमीवर ऐरणीच्या कडेने मान, म्हणजे बारीक आवळलेला भाग, काढा आणि मग पुढचा गोळा २–३ मिमीपर्यंत चपटा करा. हातोड्याच्या निमुळत्या बाजूने मधून बाहेर ठोकलं की पान रुंदीत पसरतं. चपटं झाल्यावर मात्र पानाचा देठ आगीच्या मध्यावर आणि पान आगीबाहेर ठेवा, उष्णता देठातून पुढे येऊ द्या. पातळ पान बाहेर काढल्यावर काही सेकंदांतच काळं पडतं, म्हणून शिरा पाडायची छिन्नी आधीच हाताशी ठेवा. शिरांसाठी बोथट, गोलसर धारेची छिन्नी हवी. तीक्ष्ण धार पान कापून आरपार जाते.

गरम लोखंडात भोक पाडताना पंच अडकतो. काय करावं?

पंच लोखंडात राहिला की तोही तापतो, मऊ होतो आणि आतच फुगतो. तीन-चार घावांनंतर तो काढून पाण्यात बुडवा. दुसऱ्यांदा घालण्यापूर्वी खळग्यात चिमूटभर कोळशाची पूड टाका, तिच्यामुळे पंच सहज सुटतो. एका बाजूने ठोकत राहा, खाली ऐरण लागल्यासारखा घाव टणक वाटला की पट्टी उलटा. मागच्या बाजूला पंचाच्या जागी काळसर ठिपका दिसेल, कारण ऐरणीला टेकलेला तेवढाच भाग निवलेला असतो. त्या ठिपक्यावर पंच ठेवून, पट्टी ऐरणीच्या गोल भोकावर सरकवून एक घाव घाला, चकती खाली पडेल.

स्क्रूसाठी ५–६ मिमीचं भोक ड्रिलनेही पाडता येतं. त्यात कमीपणा नाही. पंचाचा खरा फायदा मोठ्या भोकाला: लोखंड काढून टाकलं न जाता बाजूला सरकतं, म्हणून भोकाभोवतीचा भाग अशक्त होत नाही.

बिजागरीची नळी नेमक्या मापाची कशी वळवायची?

पिनेचा व्यास आणि पट्टीची जाडी मिळवून ३.१४ ने गुणा. १० मिमी पिन आणि ५ मिमी पट्टीला १५ × ३.१४, म्हणजे ४७ मिमी. तेवढ्या अंतरावर पंचाने खूण करा. पट्टीचं टोक आधी तिरकं घासून घ्या, नाहीतर वळल्यावर टोक पाठीला नीट टेकत नाही. ऐरणीच्या कडेबाहेर टोक काढून खाली वाकवा, पट्टी उलटी करा आणि टोकावर मागच्या दिशेने ठोकत गोल आणा. शेवटच्या तापात नळीत १०.५ मिमीची सळई घालून भोवती ठोका. सळई लगेच काढा, नळी निवताना आवळते.

दोन्ही पाती वळून झाल्यावरच मधले खाचे कापा आणि कानशीने जुळवा. एका पात्याला दोन डोळे, दुसऱ्याला एक. डोळ्यांमध्ये अर्ध्या मिमीची फट ठेवा, रंगाचा थर तिथे बसतो. दार करकरत असेल तर बहुतेक वेळा पिन जाड नसते, दोन बिजागऱ्यांच्या पिना एका रेषेत नसतात.

रिव्हेटची लांबी किती ठेवावी?

गोल डोक्यासाठी पिनेच्या व्यासाच्या दीडपट भाग बाहेर हवा: ६ मिमी रिव्हेटला ९ मिमी. डोकं खोबणीत सपाट बसवायचं असेल तर व्यासाएवढा पुरतो. जास्त ठेवला तर रिव्हेट आधी वाकते, मग डोकं एका बाजूला बसतं.

कपडे कसे असावेत?

सुती, लोकरी किंवा चामड्याचे. कृत्रिम धाग्याचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. पँट बुटाच्या वरून खाली आलेली हवी, बुटात खोचलेली नको आणि पायाशी दुमडलेलीही नको, त्या दुमडीत तापलेली खपली जाऊन बसते. चामड्याचा अॅप्रन, घोटा झाकणारे बूट, बांधलेले केस. अंगठी, घड्याळ, गळ्यातलं काढून ठेवा.

हातमोज्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. सांडशीच्या हातात सैल मोजा असावा, झटकला की निघाला पाहिजे. हातोड्याच्या हातात शक्यतो नको, पकड आवळावी लागते आणि कोपर दुखायला लागतं. मोजा गरम लोखंड उचलण्यासाठी नसतो. चामडं तापून आकसतं आणि हातालाच चिकटून बसतं. ड्रिल किंवा बफ (चकाकी आणणारी फिरती चकती) चालवताना मोजा काढाच, फिरतं यंत्र तो ओढून घेतं आणि त्याच्याबरोबर बोटंही.

भाजण्याचा सगळ्यात मोठा धोका कुठे असतो?

लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही. हात भाजतो तो काळ्या पडलेल्या लोखंडाने, जे ४०० अंशांवर असूनही अगदी थंड दिसतं. गरम वस्तू ठेवायची एकच जागा ठरवा आणि ती कधीच बदलू नका. जमिनीवर पडलेला तुकडा उचलण्यापूर्वी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग पाहा, स्पर्श करू नका. कार्यशाळेत दुसरं कुणी असेल तर निवत ठेवलेल्या वस्तूशेजारी खडूने ‘गरम’ लिहा. हा नियम पाळायला कंटाळा येतो, आणि तसा कंटाळा आला की एखाद्या दिवशी हात भाजतोच.

काँक्रीटच्या जमिनीवर लालभडक तुकडा पडू देऊ नका. काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि कपचे उडतात.

बंद नळी तापवली तर चालते का?

कधीच नाही. आत अडकलेली हवा किंवा थोडंसं पाणी तापून फुगतं आणि नळी फुटते. दोन्ही तोंडं उघडी असलीच पाहिजेत. नळीचं टोक ठोकून बंद करायचं असेल तर दुसरीकडे भोक ठेवा. उघडी नळी पाण्यात बुडवतानाही वरच्या तोंडातून उकळत्या पाण्याची चिळकांडी येते, तोंड स्वतःपासून दूर धरा.

गॅल्वनाइज्ड लोखंड तापवलं तर नेमकं काय होतं?

त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, खोकला आणि तोंडाला धातूची चव. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण श्वास जड वाटला तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका आणि कसला धूर गेला ते सांगा. पिवळसर झाक असलेल्या जुन्या बोल्टांवर कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर जीव घेऊ शकतो. क्रोमचा मुलामा आणि जुना शिसेयुक्त रंग हेही भट्टीत नकोत. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला तुकडा न वाळवता तापवला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

आम्लाने जस्त काढता येतं, पण साधी सळई एवढी सहज मिळत असताना हा उद्योग करायची गरज नाही.

खोलीत हवा खेळती असली की पुरे का?

एक खिडकी उघडी म्हणजे खेळती हवा नाही. आत यायला आणि बाहेर जायला समोरासमोर वाट हवी. कोळसा असो वा गॅस, दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं ही लक्षणं दिसली की आधी बाहेर पडा, भट्टी नंतर बंद करता येईल. श्वासाच्या उंचीवर त्याचा अलार्म बसवा. कोळशाच्या भट्टीला धुराड्याची नळी २५० ते ३०० मिमी व्यासाची लागते, १५० मिमीची नळी धूर ओढत नाही, खोलीतच परत सोडते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडर उभा, भट्टीपासून दूर आणि शक्य तर बाहेर ठेवा, तळघरात कधीही नको. प्रत्येक जोडणी साबणाच्या फेसाने तपासा, बुडबुडा दिसला तर गळती. बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग भट्टीचा.

गॅसभट्टीतला पांढरा कापूस धोकादायक आहे का?

तो सिरॅमिक तंतूंचा थर असतो. त्याची धूळ फुफ्फुसात जाऊ नये. फार तापलेल्या जुन्या थरात स्फटिकरूप सिलिकाही तयार होतो, म्हणून तो उपटताना जास्त जपा. नव्या थराला तंतू बांधणारं द्रावण मारा आणि वर उष्णतारोधक लेप द्या, उघडा ठेवू नका. कापताना किंवा काढताना पी१०० किंवा पी३ दर्जाचा मास्क लावा आणि थर ओला करून घ्या. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

डोळे आणि कान कसे जपायचे?

बाजूने झाकलेला सुरक्षा चष्मा पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत. भट्टीच्या आत टक लावून बघू नका. वेल्ड-तापासाठी, म्हणजे दोन तुकडे ठोकून एकजीव करायच्या तापासाठी, बराच वेळ बघावं लागत असेल तर वेल्डिंगची २ किंवा ३ क्रमांकाची काच वापरा. ग्राइंडरवर चष्म्याच्या वरून चेहऱ्याची ढालही हवी, कारण तारेच्या चकतीच्या काड्या सुटून सुयांसारख्या घुसतात. चकतीवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असेल तर ती लावू नका.

छिन्नी-पंचाच्या डोक्याला फुटलेल्या मशरूमसारख्या कडा दिसल्या की लगेच घासून टाका, तिथून उडणारा कपचा गोळीसारखा जातो. एका हातोड्यावर दुसरा हातोडा मारू नका, दोन्ही कडक असतात आणि तोंडाचा तुकडा उडतो.

ऐरणीचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो आणि ८५ च्या पुढे रोजचा मारा कानाला इजा करतो. इअरप्लग लावा. ऐरणीला पोटाशी साखळी गुंडाळली किंवा चुंबक चिकटवलं की तिचा खणखणाट बराच उतरतो.

भाजलं तर काय करायचं?

नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटं. सूज येण्याआधी अंगठी काढा. बर्फ, तेल, टूथपेस्ट काहीही लावू नका. स्वच्छ, न चिकटणाऱ्या आवरणाने झाका. भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल किंवा पांढरी-काळी पडून दुखतच नसेल, तर थेट रुग्णालय. न दुखणं हे चांगलं लक्षण नव्हे, तिथल्या नसा जळालेल्या असतात.

आगीसाठी काय तयारी ठेवावी?

एक अग्निशामक दाराजवळ, भट्टीजवळ नको, म्हणजे तो घ्यायला आगीतून जावं लागणार नाही. वाळूची बादली. तापलेलं लोखंड बुडवून निववायचं तेलाचं भांडं असेल तर त्याला बसणारं धातूचं झाकण. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की आग छताला जाते. काम संपल्यावर किमान अर्धा तास जागा सोडू नका, कोपऱ्यात गेलेली ठिणगी उशिरा पेटते.

वस्तूला शेवटचा हात कसा द्यावा?

शेवटच्या तापात लाल असतानाच तारेच्या ब्रशने खपली झाडा, थंड झाल्यावर ती चिकट बसते. नंतर वस्तू इतकी निवू द्या की मेण लावलं तर धूर येईल पण पेटणार नाही. त्या तापात मधमाशीचं मेण घासा आणि सुती फडक्याने पुसा. रंग गडद काळा येतो. पितळी ब्रशने गरमपणी घासलं तर उंचवट्यांवर सोनेरी झाक चढते.

जवसाचं तेल वापरत असाल तर फडक्यांकडे लक्ष द्या. तेलाने माखलेलं चुरगळलेलं फडकं सुकताना स्वतःच तापतं आणि काडी न लावता पेटतं. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

मेण किंवा तेल घरातल्या वस्तूंपुरतं. पावसात राहणाऱ्या बिजागरीला खपली पूर्ण काढून जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंगाचे दोन थर लागतात. खपलीवर मारलेला रंग खपलीबरोबरच सुटतो.

घडवलेल्या आकड्यावर किती वजन टांगता येईल?

कपडे, भांडी, कुंडी यांसाठी १० मिमीचा आकडा भरपूर होतो, आधी सुटतो तो भिंतीतला स्क्रू. पण माणसाचं वजन येणारा झोपाळा किंवा डोक्यावर उचलायचं ओझं, यांसाठी हाताने घडवलेला आकडा वापरू नका. आतली बुजलेली चीर बाहेरून दिसत नाही. तिथे वजनाची चाचणी होऊन छाप बसलेलीच वस्तू घ्या.

लाकडावर बसवताना स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा. ओकसारख्या टॅनिन जास्त असलेल्या लाकडात उघडं लोखंड ओलाव्याने काळे डाग पाडतं, म्हणून मागच्या बाजूलाही मेण किंवा रंग लावूनच ठोका.